मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका गाडीच्या मागच्या सीटवर बसा. जरा अंग चोरूनच बसा, कारण तिथे आधीच हवा भरायचा पंप आहे, गाडी ओढायचा दोर आहे, मानेखाली घ्यायच्या दोन उश्या आहेत आणि या सगळ्यांच्या मधे आठ वर्षांची ठकी आहे. पुढे ठकीची आई गाडी चालवायला शिकते आहे. तिच्या शेजारी शिकवणारे मास्तर.

"मास्तर, पाय ब्रेकवर आहे ना?" आईने विचारलं.

"आहे," मास्तर म्हणाले.

मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. लाल रबर चढवलेला, चांगला जाडजूड. शिकणारा चुकला तर शेजारून गाडी थांबवायला. आई गाडी सुरू करण्याआधी त्याची चौकशी करायची, आणि मग प्रत्येक वळणाआधी पुन्हा एकदा.

ठकीला अप्रूप होतं ते बाकीच्या सामानाचं.

"मास्तर, हा हातोडा कशाला?"

"गाडी पाण्यात पडली तर काच फोडायला."

"किती वेळा पडली?"

"अजून योग आला नाही."

"आणि हे होकायंत्र? तुम्ही तर रोज बाजार ते शाळा, शाळा ते बाजार."

"तरी पण बाजार कुठल्या दिशेला आहे ते कळतं ना!"

"मग वापरत नाही ते विकत का घेता?"

मास्तर हसले. "छत्री घेऊन निघालं की पाऊस येत नाही. मग ती छत्री वापरली म्हणायची की नाही?"

ठकी काय म्हणते ते बघायला आईने मान मागे वळवली.

"समोर बघा," मास्तर एकदम म्हणाले. "तुम्ही नाही ठकूबाई, तुमच्या आईसाहेब!"

दुसऱ्या दिवशी आईची लायसन्सची परीक्षा होती. तिसरी. आधीच्या दोन्ही वेळा ती परीक्षेच्या गाडीत बसली, शेजारी दुसरा ब्रेक नाही हे तिने पाहिलं आणि तिचे हातपायच गळाले. गाडी जागची हललीसुद्धा नाही. गावोगाव पुस्तकं नेणाऱ्या वाचनालयाच्या गाडीवर तिला काम मिळत होतं, पण लायसन्स असेल तरच. या खेपेला नाही जमलं तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. म्हणून आईने खेटे घालून परवानगी काढली होती. परीक्षा मास्तरांच्याच गाडीत. मास्तरांच्या जागी परीक्षा घेणारे साहेब बसणार, आणि तो लाल ब्रेक साहेबांच्या पायाखाली असणार.

वाटेत ते गॅरेजपाशी हवा भरायला थांबले.

"ताई, या गाडीचा एकेक स्क्रू माझ्या हाताखालून गेलाय," मेकॅनिक चाकाशी बसून सांगू लागला. "क्लच दोनदा, हॉर्न चारदा. पण मास्तरांचा तो ब्रेक? वीस वर्षांत एकदा बिघडला असेल तर शपथ!"

"ऐकलंस ठके? वीस वर्षं!" आई म्हणाली.

"तू हवा बघ रे," मास्तर मेकॅनिकला म्हणाले.

मग टेकडीचा उतार लागला. खाली घरं, दुकानं, माणसं. आईने पुन्हा विचारलं, मास्तरांनी पुन्हा "आहे" म्हटलं. गाडीने वेग घेतला. आणि बाजूच्या गल्लीतून एक हातगाडी सुटून थेट रस्त्याच्या मधोमध आली. तिच्यावर एक भलंमोठं कपाट आडवं बांधलेलं, आणि कपाटाला माणसाएवढा आरसा.

त्या आरशात ठकीला आपलीच गाडी आपल्या अंगावर धावून येताना दिसली. आईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मास्तरांचे दोन्ही हात डोक्यावर.

गाडी थांबली. आरसा आणि गाडी यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. कुठे खरचटलं नाही, कुणी पडलं नाही. कपाटावरची धूळसुद्धा हलली नाही.

हातगाडीवाला धापा टाकत पळत आला. "वाचवलंत ताई! आमचं काय, आम्हाला पट्टी बांधली असती. आरशाला कोण बांधणार?"

आई मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. "मास्तर," ती वळून म्हणाली, "तुम्ही दाबलात म्हणून हो. नाहीतर आज काही खरं नव्हतं."

मास्तर चष्मा पुसत बसले. "गाडी थांबली ना? झालं तर मग." ते उतरले आणि हातगाडीला मागून हात लावायला गेले.

आईही उतरली. ती बॉनेटला टेकली. मग काहीतरी आठवून म्हणाली, "ठके, पुढे जाऊन तो ब्रेक बघ गं जरा. केवढ्या जोरात दाबला असेल त्यांनी! उद्या ऐन वेळी दगा नको द्यायला. माझी सगळी मदार त्याच्यावर आहे."

ठकी दोन सीटच्या मधून पुढे सरकली. खाली वाकून तिने मास्तरांच्या पायाखालचं पायपुसणं बाजूला केलं. लाल रबर, खाली लोखंडी पट्टी, पट्टीखाली एक स्प्रिंग, आणि ती स्प्रिंग एका लाकडी फळीला चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली. ठकीने फळीच्या मागे हात घातला. पार शेवटपर्यंत घातला. तिथे ना दांडा होता, ना तार. फळी नुसतीच ठेवलेली होती.

तिने मान वर केली. समोरच्या काचेतून आई दिसत होती, रुमालाने कपाळ पुसणारी. ठकी तिच्याकडे बघतच राहिली, आजवर कधी पाहिलंच नव्हतं अशी.

"काय गं?" आईने काचेवर टकटक केलं. "ठीक आहे ना?"

ठकीने पायपुसणं होतं तसं नीट पसरलं, दोन्ही पाय लाल रबरावर ठेवून जोरात दाबले आणि ओरडून सांगितलं, "आई, ब्रेक एकदम कडक आहे!"