आवाजाची सफाई

विद्यापीठाच्या संशोधन प्रदर्शनात गोगलगायीचा वेग मोजणारे, केळीच्या सालीतून वीज काढणारे आणि पूल का पडतात ते सांगणारे एकाच मांडवात बसले होते. पूलवाल्याकडे कुणी फिरकत नव्हतं.

बोलीभाषांच्या टेबलाशी एक म्हातारे थांबले. "आमच्या कारभारणीचा आवाज तुम्ही घेतला होता. ती पाडव्याला वारली. नवऱ्याचं नाव विचारल्यावर नुसतीच हसली होती. तेवढं ऐकवा."

संशोधक मुलीने रेकॉर्डिंग लावलं. बाईंनी सूप, उखळ, जातं अशी घरातल्या वस्तूंची नावं सांगितली. नवऱ्याच्या नावाचा प्रश्न आला आणि लगेच पुढचा.

"आजोबा, हसणं शब्दांत धरत नाहीत," ती पुटपुटली. "मीच काढलं. मूळ फाईलही ठेवली नाही."

म्हाताऱ्यांनी पुन्हा ऐकलं.

"काम स्वच्छ केलंस, बाळा. कुठं कापलंय ते कळतसुद्धा नाही."