उजवा कोपरा

कबड्डीत टाळ्या चढाईपटू मिळवतो, सामना मात्र बचावच जिंकतो, असं इंगवले सर वेदवाक्यासारखं सांगत. त्यांचा संघ अंतिम सामना कधीच जिंकला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आजही अंतिम सामनाच होता. गुणांची बरोबरी होती आणि शेवटची चढाई उरली होती. समोरचा चढाईपटू हटकून उजव्या कोपऱ्यात पाय टाकतो, हे सरांनी व्हिडिओ पाहून पाहून पाठ केलं होतं. म्हणून घोटा धरण्यात पटाईत असलेल्या ज्योतिरामला त्यांनी ऐनवेळी डावीकडून उजवीकडे आणलं.

पाऊल नेमकं तिथेच पडलं. ज्योतिराम वाकला, त्याने पावलाला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. तेवढ्यात चढाईपटू गुण घेऊन मध्यरेषेपार गेलासुद्धा. सरांनी आ वासला, तो मिटेचना.

"गाढवा, हे काय केलंस?"

"दाजी हायत सर ते. मागल्या महिन्यात ताईचं लगीन झालं न्हवं का? आधी पाया पडून मग धरणार हुतो. थांबलेच न्हाईत."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"म्हटलं, तुम्हाला ठावं असंल."

त्या लग्नात सर पहिल्याच पंगतीला जेवले होते.