मुकादमाचा मुक्काम

पिशवी आरवली तशी कासाबाई खोकली. पिशवी पुन्हा आरवली, कासाबाई पुन्हा खोकली. एसटीच्या कंडक्टरने दम्याचं औषध चालू आहे का, असं काळजीने विचारलं. तिने मान हलवली आणि पिशवीला हळूच चिमटा काढला.

पिशवीत तिचा लाडका कोंबडा होता. दिवसभर गल्लीतल्या कोंबड्यांवर हुकूम सोडायचा, स्वतः काडीचं काम करायचा नाही, म्हणून त्याचं नाव मुकादम.

सगळी भानगड एका कुरवाने केली होती. समुद्रावरचे हे पांढरे पाहुणे पक्षी हिवाळ्यात येलदरीच्या धरणावर मासे खायला उतरतात. यंदा त्यातला एक काठावर मान टाकून पडला. लगेच नखशिखांत झाकलेले डॉक्टर आले आणि त्याला तपासायला घेऊन गेले. बर्ड फ्लू निघाला तर गावातल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागतील, असं सांगून गेले. कासाबाईने मुकादमाला उचललं आणि पालमची वाट धरली. तिथे तिची लेक दीपिका दिली होती.

विहिणीला, धुरपताबाईंना, खरं सांगायची काही तिला हिंमत झाली नाही. "ह्याला असू द्या तुमच्याकडं," एवढंच म्हणाली आणि उभ्याउभ्या परतली.

काही दिवसांनी निरोप आला. फ्लू-बिलू काही नव्हता, कुरवाच्या पोटात जंत झाले होते. कासाबाईला असा राग आला! तिच्या शेळ्यांना दरसाल जंत होतात, कोणी गाव डोक्यावर घेत नाही.

मुकादमाला परत आणायला ती तडक एसटीत बसली. अर्ध्या वाटेत तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. व्याह्यांकडे नेलेला कोंबडा परत आल्याचं आजवर कोणी ऐकलं होतं का? पुढची सगळी वाट ती रडकुंडीला येऊन बसली.

पण मुकादम ओट्यावरच होता. चांगला गुबगुबीत झाला होता आणि पालमच्या कोंबड्यांवर हुकूम सोडत होता. कासाबाईचा जीव भांड्यात पडला. तिने धुरपताबाईंचे हातच धरले आणि त्याला जपल्याबद्दल डोळ्यांना पदर लावला.

"जपणार न्हाई तर काय," धुरपताबाई म्हणाल्या. "तुमचे जावई रोज सुरी घेऊन माघं लागायचे, मीच आडवी आले. म्हणलं, विहीणबाईनं एवढ्या लांबून आणलाय, त्यांच्याबिगर आमाला घास गोड लागंल का? बसा आता, दीपिका मसाला वाटायलीय."