टोचलेला घोडा

चौऱ्याहत्तर साली आर्वीच्या नव्या सभागृहात लढाईचं चित्र काढायचं होतं. त्यासाठी पेंटर रूपरावानं आनंदाबाईंच्या घरचा लढाईच्या चित्राचा दोनशे वर्षांपूर्वीचा कागदी नमुना मागून आणला. त्यावर बटर पेपर ठेवून रेषा गिरवल्या. आता रेषांवर सुईनं भोकं पाडायची, वरून कोळशाची पूड थापटायची, की चित्र भिंतीवर उमटतं. पण अख्खा घोडा टोचून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, खालचा जुना कागद काढलाच नव्हता. सुई आरपार गेली होती. तेवढ्यात आनंदाबाई काठी टेकत आल्या. "आजी, घात झाला माह्या हातून," तो कसाबसा बोलला. म्हातारीनं कागद खिडकीशी धरला. हत्ती, भाले, स्वार, सगळ्या रेषांतून उजेडाचे ठिपके चमकले. "काऊन भेतं, बापू? बाकी भोकं जुनेच हायेत. याचा चितारी लढाईवर गेलता, वापस आलाच नाई. एवढा घोडा टोचाचा राह्यलता."