जिवंत मडकं

ताकेनोरींनी मडक्याचं झाकण काढलं, बाही वर केली आणि हात तसाच हवेत धरून ठेवला.

आत तांदळाचा ओला कोंडा होता, मीठ घालून आंबवलेला. त्यात वांगी, काकड्या पुरायच्या आणि दुसऱ्या दिवशी काढून भाताबरोबर खायच्या. हा कोंडा रोज ढवळावा लागतो, तोही उघड्या हातानं. हातावरचं काहीतरी त्यात उतरतं आणि विरजणासारखं जगत राहतं. म्हणून तर कोकुरा शहरात कुठल्याही दोन घरांची चव सारखी नसते. हे मडकं त्यांच्या बायकोच्या, फुसाएच्या, आजीकडून तिच्या आईकडे आलं होतं आणि लग्नात फुसाएबरोबर या घरी. फुसाए गेल्या हिवाळ्यात गेली. मडकं राहिलं.

आज कोंड्यावर पांढरी साय धरली होती.

ते वाकले, तोंड मडक्यापाशी नेलं आणि जोरात श्वास ओढला. काही नाही. नाकात भिंत उभी होती.

"बाबा, हे काय आहे?"

त्यांची मुलगी चिहारू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळीच हाकाताहून आलेली. तिच्या हातात औषधाच्या दुकानातली पांढरी पिशवी होती, आणि पिशवीत गोळ्यांच्या भरलेल्या पट्ट्या.

"आईला उदबत्ती लावायला गेले, तर देव्हाऱ्याच्या खणात हे."

"ठेव जागेवर."

"आणि नाकात बोलताय. पुन्हा."

"सर्दी झालीय."

"सर्दी! ऑपरेशनच्या आधीही तीन वर्षं सर्दीच होती तुम्हाला."

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या नाकातून मांसाचे कोंब काढले होते, द्राक्षांसारखे. कोंब परत येतात, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून अँटिबायोटिकची लहानशी गोळी रोज घ्यायची, बरेच महिने. ती सुरू झाल्यावर एका सकाळी ताकेनोरींना मडक्याचा वास आला होता आणि ते तिथेच जमिनीवर बसले होते.

"गॅस उघडा राहिला होता ते विसरलात?" चिहारूचा आवाज चढला. "भिंतीपलीकडे ओकुमुराबाईंना वास आला म्हणून वाचलात. तुम्ही मात्र शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होतात!"

"टीव्ही बघत होतो."

"वा! मग काय हरकत नाही."

ताकेनोरी हसले नाहीत. "ही गोळी जंतू मारते," ते म्हणाले.

"मग?"

"माझ्या अंगात भिनलेली. हाताला घाम येतो." त्यांनी हनुवटीनं मडकं दाखवलं. "यात काय आहे? जंतूच ना? तुझ्या आईचे."

चिहारूला हसू फुटणार होतं. तेवढ्यात तिला त्यांचा हात दिसला. कोपरापर्यंत लाल, घासून घासून सोललेला, बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या.

"साय धरायला लागली तशी मी गोळी बंद केली. तरी साय येतेच. आणि आता हे बंद." त्यांनी नाकाला बोट लावलं. "सडतंय की नुसतं आंबतंय, कसं कळणार मला? एक दिवस मेलेलं ढवळत बसेन आणि पत्ता लागणार नाही."

"बाबा, मी होते तिथे. डॉक्टर म्हणाले होते, एवढ्याशा गोळीनं जंतू फारसे मरतही नाहीत. सूज दबून राहते, म्हणून द्यायची."

"डॉक्टरांच्या घरी मडकं आहे का?"

"मग हातमोजा घाला. नाहीतर लाकडी डाव घ्या."

"तुझ्या आईनं घेतला होता कधी?"

"आई नाहीये, बाबा."

मग चिहारूनं पट्टीतून एक गोळी काढली, पेलाभर पाणी घेतलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे धरलं.

"ही घ्या. नाहीतर हे मडकं मी गाडीत घालून घेऊन जाते."

"तू मारशील त्याला."

"आणि तुम्ही मेलात म्हणजे? तेव्हा कोण ढवळणार आहे?"

ताकेनोरी तिच्याकडे बघत राहिले. गोळी त्यांनी जिभेवर ठेवली, बराच वेळ तशीच धरली, आणि गिळली. मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

"बाही वर कर," ते म्हणाले. "अंगठी काढ."

"मी? आईनं मला कधी हातही लावू दिला नाही. तुझा हात कडू आहे म्हणायची."

"म्हणायची. बाही वर कर."

चिहारूनं अंगठी ओट्यावर ठेवली. हात मडक्यात घातला आणि गारव्यानं दचकली.

"तळापासून घे. खालचं वर आण. भिऊ नकोस."

पांढरी साय फुटली आणि खाली गेली. कोंडा चिकट आवाज करत उलटला, आतला, काळपट. चिहारू मनगटापर्यंत बुडाली होती.

ताकेनोरी मडक्याकडे बघत नव्हते. ते पुढे झुकले होते, श्वास रोखून, आणि तिच्या नाकाकडे बघत होते, ते आक्रसतंय का.