टेबलाचं डोकं

म्हैसुरात राजवाड्याच्या खालोखाल पवित्र जागा एकच, आणि ती म्हणजे क्लबातला बिलियर्ड्सचा हॉल, असं क्लबाचे सेक्रेटरी वकील वासुदेवराव अतिशय गंभीरपणे सांगत. गेल्या महिन्यात तिथल्या टेबलावर मांजर व्याली. चार पिल्लं झाली आणि हिरव्या कापडाच्या चिंध्या.

दोन वर्षं परवान्याची वाट पाहून विलायतेहून आलेलं एकच नवं कापड कपाटात होतं. ते बसवणारा मद्रासचा कारागीर आजारी पडला, आणि बेंगळूरच्या क्लबाशी सामना तर रविवारी चार वाजता. तेव्हा वासुदेवरावांनी आपले कोट शिवणारे भुजंगराव शिंपी यांना बोलावलं. कापड ते कापडच, असा त्यांचा युक्तिवाद.

शनिवारी भुजंगरावांनी जुनं कापड काढलं. खाली पाच दगडी लाद्या होत्या. त्यांनी डोळे मिटून वरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. शिवण लागेना. चाळीस वर्षं शिवणी लपवण्यात गेलेल्या माणसाला दुसऱ्याची शिवण सापडली नाही. मग त्यांनी वाकून फणसाएवढे आठ पाय पाहिले आणि चपला दाराबाहेर काढून आले.

कापडाला लव होती, एकाच दिशेला झोपलेली. कोटाची लव खांद्याकडून खाली जाते. म्हणून त्यांनी विचारलं, "वासुदेवराव, टेबलाचं डोकं कुठल्या बाजूला?"

तीस वर्षं त्या टेबलावर खेळलेल्या वासुदेवरावांना हा प्रश्न नवा होता. त्यांनी भिंतीवरच्या महाराजांच्या तसबिरीकडे पाहिलं. "तिकडेच की. दाराकडे कसं असेल डोकं?"

त्याप्रमाणे कापड बसलं.

रविवारी सकाळी दहा वाजता क्लबाचा म्हातारा मार्कर वेंकोबा आला, तेव्हा भुजंगराव आणि वासुदेवराव टेबलापाशीच होते. गुण मांडणं आणि टेबल झाडणं ही त्याची कामं. त्यानं ब्रश बाजूला ठेवला, दाराकडून तसबिरीकडे तळहात फिरवला आणि म्हणाला, "अय्यो भुजंगराव. उलटा वस्तरा फिरवल्यासारखं लागतंय हो."

"म्हणजे?"

"खेळ दाराकडून सुरू होतो. लव दाराकडून तसबिरीकडे झोपायला पाहिजे. तुम्ही उलटी झोपवलीय."

"मग खेळ तसबिरीकडून सुरू करा," भुजंगराव म्हणाले.

"महाराजांकडे पाठ करून?" वासुदेवराव दचकले. "या हॉलात आजवर कोणी केली नाही. आणि तसबीर हलवायची तर कमिटीचा ठराव लागेल." ते वेंकोबाकडे वळले. "काय रे, इतकं काय बिघडतं त्यानं?"

"हळू मारलेला बॉल वाकडा जातो, स्वामी. जोरात मारणाऱ्याला काही कळायचं नाही."

"आपल्यात हळू मारणारं कोण आहे?"

"कोणी नाही."

"आणि बेंगळूरवाल्यांत?"

"सगळेच."

तारीख पुढे ढकलून मिळालेल्या वकिलासारखा वासुदेवरावांचा चेहरा उजळला. "मग सुम्ने, आहे तसं राहू द्या हो, भुजंगराव! झक्क बसलंय. साकु, तेवढं पुरे."

भुजंगराव टेबलाच्या कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी पहिला खिळा उपसला.

"अहो, काय करताय?"

"फिरवतो. खिसे समोरासमोर सारखे कापलेत, उलट करून बसतील."

"फाटलं तर? दुसरं कापड नाही!"

"ठाऊक आहे." दुसरा खिळा निघाला. "उलट्या लवेचा कोट माझ्या दुकानातून अजून गेला नाही."

"हा कोट नाही हो, महाराया!"

"अंगात चढत नाही, एवढंच." भुजंगराव मान वर न करता म्हणाले. "आणि बेंगळूरचे लोक हात फिरवून विचारतील, कोणी बसवलं? तेव्हा वेंकोबा माझं नाव सांगणार. तुमचं नाही."

एक वाजेपर्यंत दोनशे खिळे बशीत जमले. कापड उचललं, अर्धं वळण घेतलं आणि अंथरलं. आता ताणायचं. जुन्या खिळ्यांची भोकं कडेला रांगेनं उभी होती आणि ताण जरा कमीजास्त झाला तर त्या रांगेतून कापड उभं फाटणार होतं. एका टोकाला वेंकोबा होता. दुसऱ्या टोकाला माणूस हवा होता, आणि हॉलात माणूस एकच शिल्लक होता.

"धरा," भुजंगराव म्हणाले.

वकीलपत्राहून जड काही न उचललेल्या वासुदेवरावांनी धरलं.

"ओढा. हळू. तुमच्या क्लबात हळू कोणी करत नाही म्हणे, आज करा."

कापडातून करकर असा बारीक आवाज आला. तिघेही थांबले. भुजंगरावांनी कान कापडाला लावला, वैद्य नाडी बघतो तसा नव्हे, आई पोराचा ताप बघते तसा, आणि म्हणाले, "आणखी बोटभर." आवाज बंद झाला. खिळे पुन्हा बसले. मग कोळशाची इस्त्री दाराकडून तसबिरीकडे, एकाच दिशेनं, न उचलता फिरली.

साडेतीनला वेंकोबानं एक बॉल नुसता बोटानं ढकलला. तो बारा फूट सरळ गेला, कडेच्या कुशनला लागला, त्याच रेषेनं परत आला आणि वेंकोबाच्या बोटाशी थांबला. वासुदेवरावांनी घाम पुसला. "अगदी... न्यायालयासारखं," ते म्हणाले, आणि जरा विचार करून, "त्याहून बरं."

चार वाजता बेंगळूरचे आले. त्यांच्या पांढऱ्या केसांच्या कप्तानानं क्यूची काठी बाजूला ठेवून आधी तळहात फिरवला, दाराकडून तसबिरीकडे.

"हे कोणी बसवलं?"

वेंकोबानं खिडकीजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. कप्तान तिथवर चालत गेला आणि त्यानं वाकून नमस्कार केला. "असं टेबल मी मद्रासलाही पाहिलं नाही."

भुजंगराव उठून उभे राहिले, आणि सामना संपेपर्यंत उभेच राहिले. कप्तान फार हळू मारत होता. एकही बॉल वाकडा गेला नाही.

म्हैसूर दोनशे सतरा गुणांनी हरलं.