शुक्रवारची पिशवी

"काकू, इथला सगळा स्वस्त माल तुम्हीच संपवता का हो?"

विचारून झालं. मागे उभ्या असलेल्या तिघी मैत्रिणींनी तोंडावर हात दाबले. पैज त्यांनीच लावली होती.

काउंटरवरच्या बाई खरोखरच जाड होत्या. दुकानाचा निळा कोट पोटावर असा ताणला होता की एखादं बटण कधीही टपकन उडालं असतं. त्यांनी विचारणारीकडे पाहिलं. मग मागच्या तिघींकडे पाहिलं. आणि हसल्या.

"हो ना बाळा. कुणीतरी संपवायला हवंच की. पिशवी देऊ का?"

बाळा म्हणाल्या. घरी त्या या विचारणारीला ढब्बू म्हणत. कारण त्या तिची आई होत्या.

खरं तर आजचा दिवस तिचा होता. दहा महिन्यांत तिने अकरा किलो वजन घटवलं होतं आणि सगळ्या वर्गाला तिचं गुपित हवं होतं. गुपित सोपं होतं. मोठ्या सेलच्या दुकानात भरल्या पोटी जायचं. ढकलगाडी घ्यायची नाही, हातातली टोपली घ्यायची, म्हणजे हात दुखायला लागला की खरेदी आपोआप थांबते. भिंतीच्या कडेने चालायचं, तिथे भाज्या आणि फळं असतात. मधल्या रांगांत पाऊल टाकायचं नाही, तिथे बिस्किटं टपून बसलेली असतात. "एकावर एक फुकट" दिसलं की आधी मनात दहा आकडे मोजायचे. हे सगळं प्रत्यक्ष दाखवायला ती तिघींना घेऊन आली होती आणि अगदी मास्तरीणबाईंच्या थाटात पुढे चालत होती. आईची दुकानातली पाळी सकाळची. ती आज बदललीय हे तिला काउंटरशी पोचल्यावर कळलं.

"तू सगळ्यांना शहाणपण शिकवतेस ना?" उंच मैत्रीण कानात कुजबुजली होती. "मग या बाईंना त्यांच्या वजनाबद्दल काही विचारून दाखव. आहे हिंमत?"

ती माझी आई आहे. एवढंच म्हणायचं होतं. पण त्या क्षणी ती बारीक होती, सगळ्यांना हवीहवीशी होती आणि तिच्या विनोदाची वाट बघत तिघी उभ्या होत्या. जीभ भलतीकडेच वळली.

संध्याकाळी आई घरी आली. चपला काढल्या, खुर्चीत बसून गुडघे चोळले आणि म्हणाली, "दुकानातून नेलेली काकडी कडू नाही ना निघाली?" बस्स. रागावली नाही, रुसली नाही. मग तोंड धुवायला आत गेली.

त्यापेक्षा एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं मुलीला वाटलं. माफी कशी मागायची याची तिने आरशासमोर तीनदा तालीम केली होती. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

बाबा शिवणयंत्रावर बसले होते. ते शिंपी. दुकान म्हणजे घरातलीच पुढची खोली. त्यांच्या एका हाताला मुलीचा शाळेचा स्कर्ट होता, आत घ्यायला आलेला. दुसऱ्या हाताला आईचा दुसरा निळा कोट, शिवण सोडून सैल करायला आलेला.

"दोन्ही तिसऱ्यांदा," बाबा दोरा ओवत म्हणाले. "घरातलं वजन आहे तेवढंच आहे, ढब्बू. फक्त इकडचं तिकडे गेलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय काय? ती शुक्रवारची पिशवी! तुला माहीत नाही?"

तिला पिशवी माहीत होती. दर शुक्रवारी मुदत संपत आलेला माल दुकान नोकरांना फुकट वाटतं. पूर्वी ती फुगलेली पिशवी घरी यायची आणि केक, बिस्किटं, वेफर ती दोन दिवसांत फस्त करायची. गेल्या दहा महिन्यांत मात्र पिशवीतून फक्त तांदूळ, तेल आणि साबण येत होता. दुकानाने खाऊ देणं बंद केलं असेल, असं ती धरून चालली होती, आणि आता तसं बोललीही.

"बंद कुठलं?" बाबा म्हणाले. "दुकानाचा नियम आहे, पिशवी घ्यायची तर सगळी घ्या, नाहीतर यादीतून नाव कट. घरी आणलं तर तुझा हात जाणार. टाकून द्यायचं तर अन्न टाकायला हिचा हात धजत नाही. मग बसते खात. आठवडाभर दुपारचं जेवण तेच. डबा नेणं कधीच बंद केलंय. परवा डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितली, तरी ऐकेल तर ना."

आई दारात उभी होती. "तुमच्या तोंडाला टाका घालायला हवा एक," ती बाबांना म्हणाली.

"आई, तू दुकानात बोलली का नाहीस? की ही माझीच कार्टी म्हणून?"

"मैत्रिणींसमोर तुझी मान खाली गेली असती," आई म्हणाली. "किती वर्षांनी वर करून चालायला लागलीस."

मुलगी फोन घेऊन गॅलरीत गेली. बाबांचं यंत्र थांबलं होतं, त्यामुळे आत सगळं ऐकू येत होतं. आधी तिचा आवाज, मग रडणं, मग पुन्हा आवाज. परत आली तेव्हा नाक लाल होतं, पण पाठ ताठ होती.

"तिघींना सांगितलं, त्या काकू कोण ते. या शुक्रवारी आम्ही चौघी काउंटरवर येणार आणि सगळ्यांसमोर मी तुझी माफी मागणार. पिशवी घरी येईल, सीलबंद, आणि त्यातला खाऊ शेजारच्या पोरांत वाटून संपेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर राहील, मी हात लावणार नाही. तू डबा न्यायचास." तिने एक मोठा श्वास घेतला. "आई, बाबा, मी वजन कमी केलंच नव्हतं. शुक्रवारपासून करणार आहे."